केमोच्या एकवीस दिवसांचं स्वयंपाकघर

आईच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकायला लागल्या, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. वजनकाटा मात्र ५२ वरून हलत नव्हता. आजारापूर्वी ती ५६ किलोची होती. चार किलो कमी झालं तर काय एवढं, असं आम्ही एकमेकांना समजावत होतो. तिला अंडाशयाचा कॅन्सर होता आणि पोटात पाणी साठत होतं. ते पाणीही काटा वजन म्हणूनच दाखवतो, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. पाणी काढलं त्या दिवशी काटा ४७ वर आला. बांगड्या खरं सांगत होत्या.

तिला पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोथेरपीची औषधं दर २१ दिवसांनी, अशी सहा वेळा द्यायची ठरली. सोबत मिळालेल्या कागदावर जेवणाबद्दल एकच ओळ होती: ‘पौष्टिक व हलका आहार घ्यावा.’ त्या ओळीचं काय करायचं, हे कळायला मला पहिल्या दोन केमो लागल्या. ज्यांच्या घरी येत्या आठवड्यात पहिली केमो आहे, त्यांचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. यातलं काहीही तुमच्या डॉक्टरांच्या किंवा आहारतज्ज्ञांच्या सांगण्याविरुद्ध जात असेल, तर त्यांचंच ऐका. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा आतड्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी त्यांच्याशी बोला आणि मगच पुढचं वापरा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. २१ दिवस सारखे नसतात. केमोचं सलाइन लागल्यानंतरचे चार-पाच दिवस फक्त तग धरायची असते. मधल्या दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा स्वच्छतेकडे डोळ्यात तेल घालून पाहायचं. शेवटचा आठवडा कमाईचा. रोज तेवढंच आणि तसंच खाऊ घालायचा हट्ट धरला की पेशंटही थकतो आणि स्वयंपाक करणारीही. कुणाची केमो १४ दिवसांनी असते, कुणाची दर आठवड्याला. त्यांचे टप्पे लहान असतील, पण चढउतार असतोच.

पायरी १ : पहिल्या केमोच्या आधी मोजून ठेवा

एक वही घ्या. पहिल्या पानावर आजारापूर्वीचं वजन, आजचं वजन आणि उंची लिहा. सहा महिन्यांत आपोआप ५ टक्क्यांहून जास्त वजन घटलं असेल, तर ती डॉक्टरांना मुद्दाम सांगण्याची गोष्ट आहे. ६० किलोच्या माणसात हे म्हणजे फक्त ३ किलो. आपण ‘जरा बारीक झालाय’ म्हणून सोडून देतो, ते नेमकं इथे.

वजन आठवड्यातून एकदाच करा. सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर आणि साधारण तशाच कपड्यांत. रोज वजन केल्याने घरात फक्त धास्ती वाढते. पोटात पाणी किंवा पायावर सूज असेल तर काट्यावर विसंबू नका. शिंप्याची टेप घेऊन दंडाचा मधला घेर मोजा. ब्लाउजची बाही, अंगठी, घड्याळाचा पट्टा यांच्याकडेही लक्ष ठेवा. खुर्चीच्या हाताला न धरता उठता येतं का, तेही लिहून ठेवा. स्नायू किती उरलेत ते त्यावरून कळतं.

दात किडले असतील किंवा हलत असतील तर केमोआधीच डॉक्टरांच्या परवानगीने दाताच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. नंतर तोंड आलं की दातांचं दुखणं दुप्पट होतं.

पायरी २ : आपल्या माणसाला किती लागतं

कॅन्सरच्या पेशंटसाठी सर्वसाधारण हिशेब असा धरतात: दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी, आणि प्रथिनं निदान १ ग्रॅम, जमलं तर दीड ग्रॅमपर्यंत. आईचं खरं वजन ४७ किलो. म्हणजे दिवसाला साधारण १२०० ते १४०० कॅलरी आणि ५० ते ७० ग्रॅम प्रथिनं. आकडा ऐकून मला हायसं वाटलं होतं. एवढं तर होईलच, असं वाटलं. मग दोन दिवस तिने प्रत्यक्ष काय खाल्लं ते वहीत लिहिलं आणि बेरीज केली. सहाशेसुद्धा भरेना.

इथे शरीरात काय चालतं ते समजून घेतलं पाहिजे. साध्या उपासमारीत शरीर काटकसर करतं, आधी चरबी वापरतं आणि स्नायू शक्य तितके राखून ठेवतं. कॅन्सरमध्ये अनेकदा शरीरभर दाह (इन्फ्लमेशन) चालू असतो. त्या दाहात स्नायू मोडले जातात, यकृत त्यातला माल वेगळीच प्रथिनं बनवायला वापरतं आणि मेंदूला भुकेचा निरोप नीट पोहोचत नाही. शिवाय जे खाल्लं तेही नीट अंगी लागत नाही. याला कॅशेक्सिया म्हणतात. नुसतं जास्त खाऊ घालून तो पूर्णपणे उलटवता येत नाही.

हे वाक्य मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. आई खात नाही म्हणजे माझ्या हाताला चव नाही किंवा तिची इच्छाशक्ती कमी पडते, असं मला वाटायचं. दोन्ही खोटं होतं. खाण्याने घसरण मंदावते, पुढची केमो झेपायला मदत होते, आणि वजन फार उतरल्यामुळे औषधाचा डोस कमी करायची किंवा तारीख पुढे ढकलायची वेळ टळू शकते. एवढं मिळालं तरी ते खूप मोठं आहे.

स्तनाच्या कॅन्सरच्या काही बायकांचं वजन उपचारांत उलट वाढतं. उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या स्टेरॉइडने भूक खवळते, हालचाल कमी होते. त्यांनी पुढची तुपाची पायरी वाचायची नाही. प्रथिनांची मात्र त्यांनाही तेवढीच गरज असते, कारण वजन वाढतानाही स्नायू कमी होत असू शकतात. स्टेरॉइडच्या दिवसांत रक्तातली साखर वर जाते. मधुमेह असेल तर त्या दोन-तीन दिवसांत साखर तपासायची वेळ डॉक्टरांना विचारून ठेवा.

पायरी ३ : वाटी तीच, ऐवज जास्त

आजाऱ्याला पेज द्यायची ही आपली जुनी रीत. पेज पोटाला शांत करते, पाणी पोहोचवते, पण वाटीभर पातळ पेजेने पोट भरतं आणि हाताला फारसं काही लागत नाही. त्याच वाटीत मूठभर तांदूळ आणि मुगाची डाळ एकत्र मऊ शिजवून, घोटून, वर दोन लहान चमचे तूप घातलं की अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात. त्यातल्या ९० फक्त तुपाच्या. तुपाचा एक लहान चमचा म्हणजे ४५ कॅलरी, आणि तो घास जड न करता गिळायला सोपा करतो. वरून मेतकूट भुरभुरलं तर चव येते आणि डाळीचं प्रथिनही थोडं जातं.

दुधाचंही तसंच. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं असतात. त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर दोन मोठे चमचे मिसळली की तोच पेला ११ ग्रॅमच्या पुढे जातो. आम्ही सकाळी अर्धा लिटर दूध असं ‘दाट’ करून ठेवायचो. चहा, खीर, नाचणीचं सत्त्व, शेवया, सगळ्याला तेच. नाचणी पाण्यात शिजवून दिली तर ती नुसती पेजच होते. दुधात शिजवा, बदामाची किंवा शेंगदाण्याची पूड घाला, गोड चालत नसेल तर ताकात मीठ-जिरं घालून द्या.

प्रथिनांसाठी पाठ करून ठेवायचे आकडे थोडेच आहेत. एक अंडं ६ ग्रॅम. ५० ग्रॅम पनीर ९ ग्रॅम. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे ७ ग्रॅमहून थोडं जास्त. ३० ग्रॅम कोरड्या डाळीचं घट्ट वरण ७ ग्रॅम. शंभर ग्रॅम मासळी २० च्या आसपास, शिजलेलं कोंबडीचं मांस २५ च्या वर. आता बेरीज करा. दोन अंडी, दोन पेले दाट दूध, दोन वेळा घट्ट वरण आणि एक शेंगदाण्याचा लाडू एवढ्यातच ५० ग्रॅम पार होतात. अंडी चालत नसतील तर पनीर, सोयाबीन घातलेल्या कणकेचं धिरडं, डाळीचं पिठलं यांवर भर द्या. पातळ आमटीचं वरचं पाणी आजाऱ्याला आणि खालची डाळ बाकीच्यांना, असं अनेक घरांत होतं. ते आधी थांबवा.

बाजारातल्या प्रथिनांच्या पावडरी वाईट नाहीत. जेव्हा चावणं-गिळणं जमत नाही तेव्हा त्यांचा आधार होतो. डब्यावर ठळक लिहिलेला आकडा १०० ग्रॅममागचा असू शकतो आणि आपण एका वेळी २५-३० ग्रॅम पावडर घालतो, तेवढं पाहून घ्या. कुठली घ्यायची ते आहारतज्ज्ञांना विचारा. महाग आहे म्हणून जास्त चांगली असते असं नाही.

पायरी ४ : दिवस १ ते ५, तग धरायची

केमोच्या दिवशी रिकाम्या पोटी जाऊ नका आणि तुडुंब जेवूनही जाऊ नका. घरून निघताना उपमा, इडली, मऊ भात असं काही साधं द्या. उलटीचं औषध दिलेल्या वेळीच घ्यायचं. मळमळ सुरू झाल्यावर घेऊ म्हणून थांबलात की ती आटोक्यात आणणं अवघड जातं.

एक चूक माझ्याकडून झाली. पहिल्या केमोच्या दिवशी आईला बरं वाटावं म्हणून तिच्या आवडीची पुरणपोळी केली. रात्री तिला उलट्या झाल्या. त्यानंतर पुरणाचा वास आला तरी तिचा चेहरा बदलायचा. होळीलाही तिने पोळी तोंडात घातली नाही. हे लाड किंवा नखरे नव्हेत. १९७८ साली अमेरिकेत इलीन बर्नस्टीन यांनी हेच दाखवून दिलं होतं. केमोच्या आधी अनोळखी चवीचं आइस्क्रीम खाल्लेली मुलं नंतर नेमकं तेच आइस्क्रीम टाळत होती. मेंदू मळमळीचा दोष औषधाला न देता शेवटच्या पदार्थाला देतो. म्हणून आवडीचे पदार्थ चांगल्या दिवसांसाठी राखून ठेवा. केमोच्या दिवशी जे नावडतं झालं तरी चालेल असंच काही द्या.

या पाच दिवसांत तीन जेवणं विसरा. दर दोन तासांनी चार-सहा घास. भूक लागायची वाट पाहू नका, कारण ती लागणारच नाही. गोळ्यांसारखं घड्याळ लावून खायचं. बहुतेकांना सकाळी त्यातल्या त्यात बरं वाटतं, तेव्हा जास्तीत जास्त ऐवज सकाळीच जाऊ द्या. पाणी आणि सरबत दोन खाण्यांच्या मध्ये द्या. घासाबरोबर प्यायलं की पोट पाण्यानेच भरतं.

वासाचा त्रास असेल तर फोडणीच्या वेळी पेशंटला दुसऱ्या खोलीत बसवा, खिडकी उघडा. गरम वाफाळतं अन्न वास मारतं. कोमट किंवा गार केलेलं कमी मारतं. दहीभात, कुरमुरे, खाकरा, टोस्ट, राजगिऱ्याचा लाडू, आल्याचा तुकडा घातलेलं लिंबू सरबत हे बहुधा पोटात राहतं. स्टीलच्या चमच्याने तोंडात धातूची चव येत असेल तर लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा द्या. तोंड आलेलं नसेल तर आमसुलाचं सार हा आमच्याकडचा हुकमाचा पदार्थ होता. फिक्या पडलेल्या जिभेला आंबट-खारट कळतं.

औषधाप्रमाणे काही बदल असतात, ते विचारून घ्या. ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असेल तर पुढचे काही दिवस गार पाणी, आइस्क्रीम, फ्रीजमधलं काहीही नको. घशात आणि बोटांत विजेसारख्या कळा येतात. त्यांनी वरचं ‘गार द्या’ हे सोडून द्यायचं. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या असतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ थोडं तरी खाणं भाग आहे. सिस्प्लॅटिनवर असलेल्यांना मूत्रपिंड सांभाळायला पाणी भरपूर लागतं. पॅक्लिटॅक्सेलने आईची बोटं बधिर झाली. तिसऱ्या केमोनंतर एकदा ताटातली पोळी तिला तोडता येईना. ती काही बोलली नाही, ताट सरकवून म्हणाली, “भूक नाही गं.” मला ते दोन दिवसांनी कळलं. त्यानंतर पोळी चुरून दुधात किंवा वरणात घालून, जाड दांड्याच्या चमच्यासकट द्यायला लागले आणि ती खायला लागली. न खाण्यामागचं कारण दर वेळी पोटात असतंच असं नाही.

पायरी ५ : पोट आणि तोंड

जुलाब होत असतील तर ओआरएस. पूर्ण पाकीट, त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, अर्धवट नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट लहान चमचा. सोबत मऊ भात, केळं, शिजवलेलं सफरचंद, साबुदाण्याची पेज. दुधाने पोट गुडगुडत असेल तर ते चार दिवस बंद ठेवा, ताजं ताक चालतं का बघा. इरिनोटेकानसारख्या औषधाने जुलाब जोरात होऊ शकतात. त्यासाठीची गोळी आधीच घरी आणून ठेवा आणि कधी घ्यायची ते लिहून घ्या.

बद्धकोष्ठ हाही बऱ्याच घरांतला त्रास, आणि लाजेने कुणी बोलत नाही. उलटीच्या औषधानेही तो होतो. कोमट पाणी, भिजवलेल्या मनुका, घरी सोललेली पपई, थोडं चालणं. इसबगोल घ्यायचं असेल तर वर पेलाभर पाणी हवंच. पाणी कमी पडलं तर ते आतच घट्ट बसतं. मॉर्फिनसारखी वेदनाशामकं चालू असतील तर इसबगोल न घेता डॉक्टरांकडून रेचक लिहून घ्या.

तोंड आलं असेल तर पेलाभर कोमट पाण्यात पाव लहान चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरायच्या. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको. तिखट, आंबट, कडक, कुरकुरीत सगळं थांबवा, अगदी आमसुलाचं सारही. तूप घातलेला मऊ भात, रव्याची पातळ खीर, उकडून कुस्करलेला बटाटा, अंड्याची मऊ भुर्जी, मुगाचं कढण. घास गिळायच्या भीतीने कुणी जेवण टाळत असेल तर जेवणाआधी लावायचं बधिर करणारं औषध मिळतं, ते मागून घ्या.

पायरी ६ : दिवस ७ ते १४, स्वयंपाकघराची शिस्त

बऱ्याच औषधांनी सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात. भूक नेमकी परत यायला लागलेली असते, म्हणून पेशंट भेळ मागतो, उसाचा रस मागतो. इथे मन घट्ट करा.

ताजं शिजवा, दोन तासांच्या आत खाऊन संपवा. उरलं तर लगेच फ्रीजमध्ये, आणि परत देताना वाफ येईपर्यंत गरम करून एकदाच. पाणी उकळून गार केलेलं. दूध उकळी आलेलंच. अंडं पूर्ण शिजलेलं, पिवळा बलक वाहता नको. कच्ची मोड आलेली कडधान्यं नकोत, उसळ करून द्या. बाहेरची चिरलेली फळं, बर्फाचा गोळा, पाणीपुरी, न उकळलेल्या दुधाचं पंचामृत, देवळातलं तीर्थ हे सगळं या आठवड्यात नाही. प्रसाद नाकारणं आमच्या घरी कुणालाच रुचलं नव्हतं. मग आईनेच तोडगा काढला. नारळ घरी आणायचा, धुऊन घरीच फोडायचा आणि त्याची खोबऱ्याची खीर करायची.

सगळीच कच्ची फळं बंद करायची का? कच्चं सगळं बंद केल्याने संसर्ग कमी होतो असं अभ्यासांत स्पष्ट दिसलेलं नाही. नीट हात धुणं आणि अन्न स्वच्छ ठेवणं याला मात्र पर्याय नाही. काही रुग्णालयं तरीही फळं बंद ठेवायला सांगतात, तिथे त्यांचा नियम पाळा. मनाई नसेल तर धुऊन सोललेलं केळं, मोसंबी, संत्रं, पपई द्या. त्याने तोंडाला चव येते.

थर्मामीटर उशाशी ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात फोन करा आणि निघा. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबू नका. गोळीने ताप झाकला जातो, संसर्ग नाही.

पायरी ७ : दिवस १४ ते २१, कमाईचा आठवडा

हा आठवडा वाया घालवू नका. चव परत येते, मळमळ जाते. आता डिंकाचा लाडू, मटणाचं सूप, माशाचं कालवण, कणकेचा शिरा, पुरी-श्रीखंड, जे मागतील ते, घरी केलेलं. मधल्या वेळेला भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. झोपायच्या आधी दाट दुधाचा पेला. मागच्या पंधरा दिवसांत गेलेलं एखादं किलो या सात दिवसांत थोडंफार भरून काढता येतं.

आणि चालायला लावा. स्नायूंना काम मिळालं नाही तर खाल्लेल्या प्रथिनाचा त्यांना पुरता उपयोग होत नाही. आम्ही जेवणानंतर गच्चीवर दहा मिनिटं चालायचो आणि दिवसातून दोनदा खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस. पहिल्या दिवशी आईला चार जमल्या. हाडांत कॅन्सर पसरला असेल किंवा हिमोग्लोबिन फार कमी असेल तर व्यायामाचं आधी विचारा.

याच आठवड्यात पुढच्यासाठी तयारी करून ठेवा. डाळ-तांदूळ भाजून खिचडीसाठी जाडसर दळून ठेवायचे, नाचणीचं पीठ, शेंगदाण्याचं कूट, मेतकूट, दुधाची पावडर. पुढच्या केमोनंतर स्वयंपाक करणाऱ्या माणसाचेही हात-पाय गळालेले असतात.

घरापासून लांब असाल तर

परळला टाटा रुग्णालयात उपचार आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी किंवा नातेवाइकांच्या एका खोलीत मुक्काम, असं विदर्भ-मराठवाड्यातल्या, कोकणातल्या कित्येक कुटुंबांचं चालतं. तिथे वरची अर्धी यादी जमणार नाही. तेव्हा विजेची किटली, दुधाची पावडर, सातूचं पीठ, राजगिऱ्याचे आणि शेंगदाण्याचे लाडू, गूळ आणि तूप एवढं गावाहून आणा. किटलीत पाणी उकळून सातूचं पीठ आणि दुधाची पावडर त्यात कालवली की पाच मिनिटांत पोटभर होतं. उकडलेली अंडी सोलायची ती खाण्याच्या वेळीच. केळी सगळीकडे मिळतात. रुग्णालयाच्या आहार विभागात स्वतःहून जा आणि आर्थिक अडचण समाजसेवा विभागात स्पष्ट सांगा. पोषणासाठी मदत मिळते का, हे तिथेच कळतं.

लोक जे सांगतील त्याबद्दल

घरी भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी बंद करायला सांगतो. आमच्या एका मावशीने साखर आणि दूध दोन्ही सोडायला सांगितलं आणि आईने चार दिवस खरंच सोडलं.

साखरेची गोष्ट अशी. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज वेगळ्या पद्धतीने आणि भराभर वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात पाहिलं. पण आपण साखर खाल्ली नाही म्हणून पेशींचं ग्लुकोज तुटत नाही. रक्तातली साखर ठरावीक पातळीवर ठेवायला शरीर स्वतःचे स्नायू मोडून ग्लुकोज बनवतं. म्हणजे उपाशी राहतो तो आपला माणूस. मधुमेह असेल तर साखर सांभाळायचीच, मिठाईवर जगावं असंही नाही. पण वजन घटत असलेल्या माणसाच्या खिरीतली साखर काढून घेऊ नका.

गव्हांकुराचा कच्चा रस, गुळवेलीचा काढा, हळदीच्या गोळ्या, लक्ष्मणफळाचा अर्क यांपैकी काहीही डॉक्टरांना न सांगता देऊ नका. फोडणीतली हळद चालते, कॅप्सूलमधली वेगळी. गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण आपल्याकडच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत आणि केमोची कित्येक औषधं यकृतातूनच बाहेर पडतात. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जातीतलं पपनस काही औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलतं, तेही विचारून घ्या.

एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार हा नाजूक विषय. आई चाळीस वर्षं एकादशी करत होती. तिला मी ‘सोड’ म्हटलं नाही. उपवासाला चालणाऱ्या पदार्थांतूनच दिवस भरला: दाट दूध, शेंगदाण्याची आमटी आणि वरी, राजगिऱ्याची खीर, पनीर. निर्जळी मात्र नाहीच, यावर मी अडून बसले.

ताटाभोवतीचं भांडण

दुसऱ्या केमोनंतर एका दुपारी आई म्हणाली, “तू वाटी घेऊन दारात दिसलीस ना, की मला भीती वाटते.” त्या दिवसापासून मी नियम केला. वाटी ठेवायची, एकदाच सांगायचं आणि शेजारी बसून आपलं खायचं. वीस मिनिटांनी वाटी उचलायची, चेहरा न पाडता. ‘अजून दोन घास’ हे शब्द आमच्या घरातून गेले. मोठ्या ताटाऐवजी लहान बशी आली. भेटायला येणाऱ्यांना ‘किती वाळलीस गं’ म्हणायची दारातच बंदी केली. तिचं खाणं लगेच वाढलं नाही, पण जेवणाच्या वेळी ती पाठ फिरवून झोपायची, ते थांबलं.

कधी वाट पाहायची नाही

२४ तास पाणीही पोटात राहत नसेल, लघवी फार कमी किंवा गडद होत असेल, दिवसात चार-पाचपेक्षा जास्त जुलाब होत असतील, गिळताना ठसका लागत असेल, किंवा आठवड्यात दोन किलो वजन गेलं असेल तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. पाच दिवसांहून जास्त जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल तर एकदम भरपेट खाऊ घालू नका. त्याने रक्तातले क्षार अचानक घसरतात आणि जिवावर बेतू शकतं. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू वाढवायचं असतं.

डॉक्टरांनी नाकातून नळीचा विषय काढला तर घरात रडारड होते. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये तर नळी फार जणांना लागते. ती शेवटाची खूण नाही. घसा दुखतो तेवढे दिवस जेवणाला दुसरा रस्ता मिळतो, आणि बऱ्याच जणांची नंतर निघते. नळीतून देताना डोकं आणि पाठ उंच ठेवायची, दिल्यानंतरही अर्धा तास आडवं करायचं नाही, आधी आणि नंतर स्वच्छ पाण्याने नळी धुवायची. बाकीचं नर्सकडून हाताने करून शिकून घ्या. नुसतं ऐकून घरी येऊ नका.

एकविसाव्या दिवशीची पिशवी

वही, फाइल, थर्मामीटर, उलटीची गोळी. उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली. डब्यात दोन इडल्या किंवा दहीभात, दुसऱ्या लहान डब्यात राजगिऱ्याचा लाडू, आणि सोबत बसणाऱ्याचा वेगळा डबा, कारण त्या दिवशी तो हमखास उपाशी राहतो. वहीच्या शेवटच्या पानावर या वेळचं वजन, दंडाचा घेर आणि डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न. आमच्या सहाव्या केमोच्या दिवशी त्या पानावर ४९ किलो लिहिलेलं आहे, पोटात पाणी नसताना. खाली आईच्या वाकड्यातिकड्या अक्षरात एक ओळ आहे. बोटं बधिर होती, तरी तिने स्वतः लिहिली: ‘पुरणपोळी कधी?’

मी दोन महिने थांबून केली. तिने अर्धी खाल्ली.